लोभाची शोकांतिका ऑपेरात मांडताना

तुमची संहिता वाचली. शेतापायी सख्खे भाऊ एकमेकांच्या जिवावर उठतात, हा विषय छोट्या ऑपेराला फार चांगला आहे. पण आधी माणसं कमी करा. इंग्रज संगीतकार बेंजामिन ब्रिटन यांनी 1946 साली ‘द रेप ऑफ ल्युक्रेशिया’ हा ऑपेरा 8 गायक आणि 13 वादकांवर उभा केला. तुम्हाला बाप, दोन मुलं आणि थोरली सून पुरे. शेजारी कशाला हवेत?

शब्दांनाही कात्री लावा. गाताना ओळ बोलण्याच्या दुप्पट-तिप्पट वेळ सहज खाते. शिवाय सोप्रानो, म्हणजे सर्वांत उंच आवाजाची गायिका, वरच्या सुरांत गेली की शब्द कळेनासे होतात. कथेची कळ असलेली ओळ मधल्या पट्टीत, वाद्यं विरळ करून ठेवा.

लोभ पात्रांच्या तोंडून वदवू नका. तुमच्या पहिल्या प्रवेशात थोरला ‘मला सगळं हवं’ असं गातो, ते मला अजिबात पटलं नाही. त्याला आजारी बापाची उशी सारखी करू द्या. गाणं मायेचं, आणि हात उशीखालची किल्ली चाचपतोय. चेलोवर (व्हायोलिनच्या जातीचं, खालच्या सुरांचं मोठं वाद्य) तेव्हा जी सुरावट येईल, तीच पुढे खुनाच्या वेळी आणा.

सहीच्या प्रसंगी चौघांनाही एकदम गाऊ द्या, प्रत्येकाच्या मनात वेगळं. नाटकात याचा गोंगाट होईल, ऑपेरात मात्र चारही मनं एकाच वेळी उघडी पडतात. इटालियन संगीतकार पुच्चिनीचा ऑपेरा ‘जान्नी स्किक्की’ (1918) विनोदी असला, तरी मृत्युपत्रासाठी टपलेले नातेवाईक एकत्र कसे गातात, ते त्यात बारकाईने ऐका.

आणि वाद्यवृंद लिहिण्याआधी सगळं नुसत्या पियानोवर गाऊन घ्या.