आधुनिक नृत्यात रंगमंचाचा मधला भाग रिकामा का सोडतात? बघायचं कुणाकडे?

तुम्ही लिहिलंय की सगळे नर्तक पांगलेले असतात, मधली जागा बराच वेळ ओस असते, मग मुख्य नर्तक ओळखायचा कसा. अशा बऱ्याच रचनांत मुख्य असं कुणी नसतंच. आणि ते मुद्दाम केलेलं असतं.

मी स्वतः नाचत नाही, हौशी नाटकांना लाइट करतो. त्यामुळे हा प्रश्न मला वेगळ्या बाजूनं पडला होता: स्पॉट, म्हणजे एकट्यावर पडणारा प्रकाशझोत, टाकायचा कुणावर?

बॅलेमध्ये याचं उत्तर सोपं. नायिका मध्यभागी, बाकीच्या दोन्ही बाजूंना रांगेत. युरोपातल्या दरबारी काळात नेपथ्यातला खोलीचा आभास राजाच्या आसनावरून नीट दिसेल असा रचलेला असे, त्यामुळे मध्य फार महत्त्वाचा. आधुनिक नृत्यातल्या डोरिस हंफ्रीनंही रंगमंचाच्या सबळ आणि दुबळ्या जागा सांगितल्या, त्यात मध्य सगळ्यात सबळ.

हे मोडलं अमेरिकन नृत्यरचनाकार मर्स कनिंगहॅमनं. अवकाशात स्थिर बिंदू नसतात, हे आइन्स्टाइनचं म्हणणं त्यानं थेट रंगमंचाला लावलं. त्याची १९५८ची ‘समरस्पेस’ ही रचना बघा. आत-बाहेर जाण्याच्या सहा जागा, त्या एकमेकींना जोडणारे २१ मार्ग. कुठल्या मार्गावर कुठली हालचाल, किती वेगात, जमिनीलगत की हवेत, हे त्यानं नशिबावर सोडलं, म्हणजे जणू कौल लावून ठरवलं. नाचणारे मात्र ऐनवेळी काही सुचेल ते करत नाहीत. एकदा ठरलं की पाऊल न् पाऊल पक्कं. (नशिबावर सोडायच्या या पद्धतीला ‘चान्स’ म्हणतात; ते ऐकलं की लोकांना उत्स्फूर्त नाच वाटतो, तो गैरसमज.) चित्रकार रॉबर्ट राउशेनबर्गनं मागच्या पडद्यावर आणि कपड्यांवर सारखेच ठिपके रंगवले, त्यामुळे थांबलेला नर्तक पडद्यात विरघळतो. दादरच्या पुलावरून खाली फलाटाकडे बघावं तसं हे बघायचं, प्रत्येक जण आपल्या वाटेनं चाललेला.

माझी जास्त आवडती नृत्यरचनाकार म्हणजे ट्रिशा ब्राउन. १९७० मध्ये तिनं एका माणसाला दोर बांधून इमारतीच्या भिंतीवरून चालत खाली उतरवलं, पुढच्या वर्षी न्यूयॉर्कच्या गच्च्यांवर नर्तक उभे केले. नेहमीच्या रंगमंचासाठी तिनं रचना केली ती थेट १९७९ मध्ये, ‘ग्लेशियल डिकॉय’. संगीत नाही. पांढऱ्या झिरझिरीत कपड्यांतल्या बायका कडेकडेनं नाचत विंगेत शिरतात, पुन्हा बाहेर येतात, आणि विंगेमागेही नाच चालूच आहे असं वाटत राहतं. चौकटीबाहेरची, आपल्याला न दिसणारी जागासुद्धा तिनं वापरून घेतली. लाइटवाल्याला यात कुणावरही स्पॉट टाकता येणार नाही, आणि टाकूही नये.

तुमचा घोटाळा बहुधा व्हिडिओमुळे झालाय. कॅमेरा एकाच्या मागे लागतो, मध्येच क्लोजअप घेतो, आणि जागेचा सगळा खेळ तिथेच संपतो. मागे एकाच जागी ठेवलेल्या कॅमेऱ्यानं घेतलेलं, पूर्ण रंगमंच दिसणारं रेकॉर्डिंग शोधा. प्रत्यक्ष प्रयोग मिळाला तर बाल्कनीचं तिकीट काढा, वरून जमिनीवरच्या वाटा दिसतात. एक नर्तक निवडून तो विंगेत जाईपर्यंत त्याच्यामागे जा, मग दुसरा धरा. काहीतरी निसटणारच, शेजारच्या खुर्चीवाल्याचंही निसटतंय, फक्त वेगळं.