दुसऱ्याचं आत्मचरित्र लिहून द्यायचं काम घेऊ का?

तू लिहिलंयस की एम.ए. मराठीच्या दुसऱ्या वर्षाला आहेस, बार्शीकडच्या एका बागायतदार काकांनी त्यांचं आत्मचरित्र लिहून दे म्हटलंय, पुस्तकावर नाव त्यांचं, पैसे पुस्तक छापून आल्यावर, आणि पप्पा म्हणतायत यात काही करिअर नाही. माझं स्पष्ट मत, काम घे, पण या अटींवर अजिबात नको.

सगळ्यात अवघड असतं ते त्यांच्या आवाजात लिहिणं. काका सांगणार, "बा गेला तवा घरात अर्धं पोतं जवारी हुती," आणि आपण मराठी शिकलेली माणसं लगेच लिहिणार, "पितृछत्र हरपले तेव्हा घरची परिस्थिती हलाखीची होती." झालं, काका गेले त्यातून! अगं ते अर्धं पोतंच तर पुस्तक आहे. म्हणून आधी एकच प्रकरण लिही, त्यांना मोठ्याने वाचून दाखव, बोली किती ठेवायची ते तिथेच ठरवून टाक, नाहीतर दोनशे पानं झाल्यावर "हे मी बोललोच नाही" ऐकावं लागतं.

दुसरं म्हणजे आठवणी. 72 च्या दुष्काळात मी चौथीत होतो आणि खडी फोडायला जायचो असं कोणी सांगितलं की वय जुळतंय का बघायचं, पण शाळेच्या दाखल्यावर पण डोळे झाकून विश्वास नको कारण त्या पिढीत निम्म्या गावाची जन्मतारीख गुरुजींनी 1 जून टाकलेली असते 😊 मग जुनी पत्रं, सातबारा, फेरफार, थोरली बहीण असेल तर तिला विचारायचं, आणि हे सगळं वेळखाऊ आहे. रेकॉर्डिंग उतरवायलाच एका तासाचे चार-पाच तास सहज जातात, ते पैशात धर.

आणि घरचे! काका भावकीतल्या जमिनीच्या वादाचं मनमोकळं सांगतील, मग मुलगा म्हणेल ते प्रकरण काढा. जिवंत माणसाचं नाव घेऊन आरोप छापला तर अब्रुनुकसानीची केस होऊ शकते, त्यामुळे मुलाचं म्हणणं प्रत्येक वेळी चुकीचं नसतं. पण शेवटचा शब्द कोणाचा आणि दुरुस्त्या किती वेळा करून द्यायच्या हे आधीच कागदावर पाहिजे.

त्याच कागदावर पैसे पण. काही रक्कम सुरुवातीला, काही पहिला खर्डा दिल्यावर, बाकीची शेवटची प्रत देताना. छपाई कधी होईल ते तुझ्या हातात नाही, मग मानधन त्याला कशाला बांधायचं? 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे असं बाहेरून लिहून देणाऱ्याकडे, वेगळा करार नसेल तर, हक्क आधी असतो आणि तो दुसऱ्याला द्यायचा तर लेखी, सहीनिशी द्यावा लागतो. म्हणजे तू काहीतरी मोलाचं देतेयस, फुकट सही करू नकोस.

नावाचं पण बोल. आपल्याकडे आतल्या पानावर "शब्दांकन" म्हणून नाव द्यायची जुनी पद्धत आहे, काकांना त्यात कमीपणा वाटायचं कारण नाही. ते नाहीच म्हणाले तर मानधन वाढवून माग, कारण पुढच्या कामासाठी दाखवायला तुझ्याकडे काहीच उरणार नाही.

पप्पांना सांग, फक्त यावर घर चालवणं सुरुवातीला कठीणच आहे, त्यांची काळजी खरी आहे. पण मुलाखत घेणं, संपादन, अनुवाद, संस्थांच्या स्मरणिका हे सगळं याच कामातून हाताला येतं. नेट-सेटचा अभ्यास सोडू नकोस, आणि पहिला हप्ता आल्याशिवाय रेकॉर्डर चालू करू नकोस.