ओसीआय, गावची जमीन आणि अमेरिकेतला सिक्युरिटी क्लिअरन्स

तुमची पोस्ट वाचली. अमेरिकन सिटिझन झालात, आईवडील पुण्यात, जवळ ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड, आणि आता डिफेन्सचं काम करणाऱ्या कंपनीची ऑफर, तर क्लिअरन्स, म्हणजे सरकारची गुप्त माहिती हाताळायची परवानगी, नाकारतील का? मी याच चक्रातून गेलोय म्हणून लिहितो. मी वकील नाही, नियम स्वतः तपासून घ्या.

ओसीआयचं टेन्शन घेऊ नका. भारत दुहेरी नागरिकत्व देतच नाही, ओसीआय म्हणजे आजन्म व्हिसा. आणि एखाद्याकडे खरंच दोन नागरिकत्वं असली तरी जून २०१७ पासूनच्या नियमांत नुसतं तेवढ्यावरून नाकारत नाहीत, लपवलं किंवा अमेरिकेत येताजाता दुसरा पासपोर्ट दाखवला तर मात्र प्रश्न येतो. जुना भारतीय पासपोर्ट सरेंडर केला असला तरी एसएफ-८६ मध्ये, म्हणजे क्लिअरन्ससाठी भरायच्या फॉर्मात, त्याची नोंद करायचीच.

खरं घोडं अडतं ते नातेवाईक आणि प्रॉपर्टीपाशी, म्हणजे गाइडलाइन बी, परदेशी संबंधांचा दबाव येऊ शकतो का ते बघणारा नियम. माझे आजोबा गेल्यावर वारसनोंद झाली आणि काका, आत्या सगळ्यांबरोबर सातबाऱ्यावर माझंही नाव लागलं, दीड एकर कोरडवाहू, एक रुपया उत्पन्न नाही. मी ते फॉर्मात लिहिलं होतं. कंपनीच्या सिक्युरिटी ऑफिसने फॉर्म परत पाठवला, म्हणे तुमच्या एकट्याच्या नावावर नाही ना, मग काढा, उगाच केस लांबते. मी काढलं आणि सही केली. तपासनीसाच्या मुलाखतीत मी स्वतःहून जमीन सांगितली तर त्याचा पहिला प्रश्न, मग फॉर्मात का नाही? तिथून सगळा रोख जमिनीवरून माझ्या खरेपणावर गेला. लेखी खुलासे, सातबारा आणि फेरफाराचं इंग्रजी भाषांतर, महिनोन्‌महिने केस लटकली, प्रोजेक्ट दुसऱ्याला गेला, आणि ते ऑफिस हात वर करून मोकळं, कारण सही माझी! अजून संताप येतो. एवढी जबाबदारीची खुर्ची, आणि तिथे बसून लोकांना माहिती गाळायला सांगायचं? तुम्हाला कोणी असं सांगितलंच तर ईमेलवर लिहून मागा.

माझं स्पष्ट मत, सगळं लिहा. सासूसासरे, मेव्हणा सरकारी नोकरीत असेल तर तेही, भारतातलं एनआरओ बँक खातं, फ्लॅटमधला हिस्सा. समोर इथलं घर, ४०१के (निवृत्तीची बचत), मुलांची शाळा असं पारडं जड दिसलं की गावची जमीन किरकोळ ठरते, निदान माझ्या बाबतीत तरी ठरली.

आणि हो, आईवडिलांच्या जन्मतारखा आधीच विचारून ठेवा, आपल्याकडे शाळेत घालताना लावलेली १ जून असते आणि खरी वेगळीच. पासपोर्टवरची लिहा, फरक शेऱ्यात सांगा.

स्टेटमेंट ऑफ रीझन्स, म्हणजे क्लिअरन्स का नाकारू पाहतोय त्याची कारणं देणारं पत्र, आलंच तर उत्तराला २० दिवस मिळतात, तेव्हा क्लिअरन्सच्याच केसेस लढणारा वकील गाठा, इमिग्रेशनवाला नको.