मास्क गळतोय? पट्टा आवळू नका

गोव्याच्या ग्रँड आयलंडला पहिल्यांदा डायव्हिंगला जाताय ना, मग मास्क फोटो बघून मागवू नका, दुकानात चेहऱ्याला लावून घ्या. पट्टा पुढे टाका, मास्क नुसता टेकवा, नाकाने हलकेच श्वास ओढून रोखा आणि हात सोडा. चिकटून राहिला तर माप बरोबर. मग तोंडात स्नॉर्कल (श्वास घ्यायची नळी) धरून परत बघा; गालांचा आकार बदलतो.

नवखे हमखास चुकतात ते इथे:
- गळलं की पट्टा आवळतात. सिलिकॉनची कड दुमडते नि आणखीच गळतं.
- कडेखाली केसांची बट राहते. मिशीवाल्यांनो, थोडं पाणी येणारच!
- पोहण्याचा गॉगल आणतात. डायव्हिंगला नाक मास्कच्या आत हवं.

पाणी शिरलं तर घाबरू नका, ते काढायला इन्स्ट्रक्टर शिकवतो. नंबरच्या काचा वगैरे नंतर बघू.