प्रौढांच्या श्रद्धाप्रवासात सोबत करताना

प्रिय मित्रास,
अनेक आशीर्वाद.

धर्मग्रामातील, म्हणजे आपल्या चर्चच्या स्थानिक समुदायातील, प्रौढांच्या श्रद्धाशिक्षणाचे काम फादरांनी तुझ्याकडे सोपवले, हे वाचून मनापासून आनंद झाला. वयाने आणि अनुभवाने मोठ्या असलेल्या माणसांना आपण काय शिकवणार, असा संकोच तू व्यक्त केला आहेस. तो संकोच जपून ठेव, कारण त्यामुळे तू त्यांच्याशी आदराने बोलशील.

आपल्यातील बहुतेकांचे धर्मशिक्षण किशोरवयात, बाप्तिस्म्यातील श्रद्धा पक्की करणाऱ्या दृढीकरण संस्कारापाशी थांबते. पुढे संसार, नोकरी, आजारपण, जिवलगांचे मृत्यू असे सारे आयुष्य येते आणि त्याला सामोरे जाताना हाताशी असतात ती लहानपणी पाठ केलेली उत्तरे. ती उत्तरे खोटी नसतात. पण ज्या प्रश्नांसाठी ती आता हवी असतात, ते प्रश्न त्या वयात पडलेलेच नव्हते. प्रौढांचे धर्मशिक्षण हा धर्मशिक्षणाचा प्रमुख प्रकार आहे, असे पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९७९ सालीच लिहिले होते. तरीही अनेक ठिकाणी वर्ग भरतात ते मुलांचेच, याची मला फार खंत वाटते.

सुरुवात कशी करावी, या तुझ्या प्रश्नाचे उत्तर बायबलमधील लूकच्या शुभवर्तमानाच्या, म्हणजे येशूच्या चरित्राच्या, चोविसाव्या अध्यायात आहे. येशूच्या मृत्यूने खचून अम्माऊस गावाकडे निघालेल्या दोन शिष्यांना पुनरुत्थित येशू वाटेत भेटतो, पण ते त्याला ओळखत नाहीत; तो आधी विचारतो की, तुम्ही कशाविषयी बोलत आहात. आणि घडलेले सर्व त्याला स्वतःला ठाऊक असूनही तो त्यांना त्यांची निराशा, त्यांची मोडलेली आशा शेवटपर्यंत सांगू देतो. मोशे आणि संदेष्टे यांच्यापासून शास्त्राचा उलगडा तो त्यानंतर करतो आणि भाकर मोडताना त्याची ओळख पटते ती त्याहूनही नंतर. हा क्रम तू मोडू नकोस. आपल्या प्रार्थनेला देवाने उत्तर का दिले नाही, असे एखाद्या विधवेने विचारले, तर लगेच एखादे वचन पुढे करू नकोस. तिला बोलू दे, गटालाही ऐकू दे, आणि मग स्तोत्रसंहितेतील एखादे विलापगीत सर्वांनी मिळून वाचा. देवाकडे तक्रार करणे हीसुद्धा प्रार्थनाच आहे, हे कित्येकांना तेव्हा प्रथमच उमगते.

अभ्यासक्रमाची फार चिंता करू नकोस. येत्या रविवारच्या मिस्सेतील, म्हणजे सामूहिक उपासनेतील, बायबलची वाचने आधीच्या आठवड्यात एकत्र वाचा. मत्तय, मार्क आणि लूक यांची शुभवर्तमाने तीन वर्षांच्या चक्रात क्रमाने येतात आणि योहानाचे विशेषतः ईस्टरपूर्वीच्या प्रायश्चित्तकाळात व ईस्टरनंतरच्या पुनरुत्थानकाळात, म्हणजे सलग तीन वर्षे येणाऱ्या माणसाच्या हाती चारही शुभवर्तमानांचा बराचसा भाग लागतो. १९९२ साली प्रसिद्ध झालेला ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षण ग्रंथ श्रद्धा, संस्कार, ख्रिस्ती जीवन आणि प्रार्थना अशा चार भागांत आहे. तो पहिल्या पानापासून शिकवायला घेऊ नकोस, प्रश्न निघेल तेव्हा तो सर्वांसमोर उघड आणि उत्तर मिळून शोधा. उत्तर तुला आधीच ठाऊक असले तरी तसेच कर, कारण स्वतः शोधण्याची सवय लागली की माणसे घरीही तो ग्रंथ उघडतात.

बैठकीची वेळ, जागा वगैरे त्यांच्या सोयीने ठरव.

तेच ते शिकवून कंटाळा येईल, अशी भीतीही तू लिहिली आहेस. सुमारे ४०० साली देओग्रातियास नावाच्या डीकननेही (धर्मगुरूंच्या खालच्या पदावरील सेवकानेही) बिशप संत ऑगस्टीन यांच्याकडे अशीच तक्रार केली होती. ऑगस्टीन स्वतः बत्तिसाव्या वर्षी, ३८७ सालच्या पास्काला (ईस्टरला) बाप्तिस्मा घेतलेले, म्हणजे प्रौढ वयात शिकणे काय असते हे अनुभवलेले. त्यांनी उत्तर दिले की, आपल्या ओळखीचे सुंदर ठिकाण पहिल्यांदा पाहणाऱ्याला दाखवताना त्याच्या आनंदाने आपलाही आनंद नवा होतो. ऐकणाऱ्यावर प्रेम असेल, तर जुना विषय शिळा होत नाही, असे मलाही वाटते.

पहिल्या बैठकीत लोकांनी काय विचारले, ते शक्यतो त्यांच्याच शब्दांत टिपून मला पाठव. त्यावरून पुढचे वाचन आपण दोघे ठरवू.

तुझा शुभचिंतक