प्रश्न तुमचे : पाकीट गाझात पोचलं, पुढे काय?

२२ ऑगस्ट २०२५ रोजी गाझा शहर आणि भोवतालच्या भागात दुष्काळ असल्याचं अधिकृतपणे जाहीर झालं. तिथल्या मुलांबद्दल मागच्या अंकात आम्ही एक टिपण दिलं होतं, त्यावर बरीच पत्रं आली. ‘ट्रक आत गेले ना, मग अडलंय कुठे?’ असा सूर बहुतेकांचा आहे. त्यांतली सहा पत्रं निवडून ही उत्तरं.

आमच्याकडे दंडघेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली गेला की मूल ‘सॅम’मध्ये, म्हणजे तीव्र कुपोषितांत धरतात. गाझातही दंड मोजायची हीच रंगीत पट्टी वापरतात का? आणि अशा मुलांना उपचार म्हणून देतात ते शेंगदाण्याचं पाकीट किती द्यायचं असतं?
*– अंगणवाडी सेविका, धारणी*

सेविकाताई, पट्टी तीच आणि आकडेही तेच. ६ ते ५९ महिन्यांचं मूल, डावा दंड, खांद्याचं टोक आणि कोपर यांच्या बरोबर मधोमध, हात सैल सोडलेला. ११५ मिलिमीटरच्या खाली लाल, ११५ ते १२४ पिवळा, १२५ पासून हिरवा. पट्टी आवळली की आकडा खोटा कमी येतो आणि सैल राहिली की खोटा जास्त, हे तुम्हाला आम्ही सांगायला नको. तंबूत थंडीच्या दिवसांत आई मुलाचा स्वेटर काढू देत नाही आणि मग बाहीवरूनच माप घेतलं जातं. त्या मापाला काही अर्थ नाही. दुसरी खूण पायांवर असते. दोन्ही पावलं अंगठ्याने तीन सेकंद दाबायची. दोन्हीकडे खड्डा राहिला, तर पट्टी हिरवी असली तरी ते मूल तीव्र कुपोषितच.

पाकीट ९२ ग्रॅमचं असतं आणि त्यातून ५०० किलोकॅलरी मिळतात. आत शेंगदाण्याची पेस्ट, दूध पावडर, साखर, तेल, जीवनसत्त्वं आणि क्षार. त्यात पाणी घालायचं नसतं. ही सोय नव्हे, पाकिटाचा सगळा शोधच त्यात आहे. पाणी नाही म्हणून जंतू वाढत नाहीत, चूल लागत नाही, उघडलेलं पाकीट दुमडून ठेवता येतं. कोपरा फाडायचा आणि मुलाने थेट चोखायचं. पेस्ट घट्ट असल्यामुळे तहान मात्र लागते, म्हणून जोडीला पिण्याचं स्वच्छ पाणी हवं. अंगावर पिणारं मूल असेल तर आधी आईचं दूध, मग पाकीट.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३च्या सूचनांप्रमाणे दर किलो वजनामागे रोज १५० ते १८५ किलोकॅलरी द्यायच्या. म्हणजे सात किलोच्या मुलाला दिवसाला दोन ते अडीच पाकिटं, सहा ते आठ आठवडे. वाटप करणारे एका मुलामागे एक खोका, म्हणजे १५० पाकिटं, असा ढोबळ हिशोब धरतात.

आता बिघडतं कुठे ते पाहू. घरात तीन भावंडं भुकेली असली की एकाचं औषध तिघांत वाटलं जातं. आईला दोष देऊन उपयोग नाही; घराला वेगळं धान्य मिळालं तरच ते पाकीट आजारी मुलाच्या वाट्याला येतं. दुसरं, दर आठवड्याला वजन आणि दंडघेर पाहून पुढचा आठवडाभराचा साठा द्यायचा असतो. मधेच विस्थापनाचा आदेश आला की कुटुंब दुसरीकडे जातं, कार्ड हरवतं आणि नव्या केंद्रावर मोजणी पहिल्यापासून सुरू होते. तिसरं कारण पुरवठ्याचं. २ मार्च ते १९ मे २०२५ या काळात गाझात कुठलाच माल आत जाऊ दिला गेला नाही. अकरा आठवडे! एका मुलाचा अख्खा उपचार या बंदीत बसतो आणि वर तीन आठवडे उरतात.

आणि ज्या मुलाला भूकच लागत नाही, त्याला पाकीट चालत नाही. म्हणून दाखल करताना सेविकेच्या डोळ्यांदेखत थोडं खायला देऊन पाहतात. तोंड फिरवलं, उलटी झाली, ताप किंवा गुंगी असली तर मूल रुग्णालयातल्या स्थिरीकरण कक्षात जातं. तिथे सुरुवातीला एफ-७५ हे पातळ दूध, १०० मिलिलिटरला ७५ किलोकॅलरी, दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. उपाशी मूल दिसलं की पोटभर जेवू घालावंसं कुणालाही वाटेल, पण उपासमारीत शरीरातलं पोटॅशियम आणि फॉस्फेट आटलेलं असतं. एकदम भरपूर अन्न गेलं की रक्तातलं उरलंसुरलंही पेशींत ओढलं जातं आणि हृदय थांबू शकतं. लोहाच्या गोळ्याही या टप्प्यात देत नाहीत. हे सगळं करायला उकळलेलं पाणी, इंधन आणि रात्रपाळीची परिचारिका लागते. ट्रकमधून आणता येतो तो फक्त दुधाचा डबा.

तान्ह्या बाळांसाठी दूध पावडर आणि नातवंडांचे चांगले कपडे पाठवायचे आहेत. कुठे द्यावेत?
*– एक आजी, डोंबिवली*

आजी, कपडे इथेच कुणाला तरी द्या. त्यांचं भाडं कपड्यांच्या किमतीपेक्षा जास्त होईल आणि सीमेवर ते एका औषधाच्या खोक्याची जागा अडवतील.

पावडरीचं जरा नाजूक आहे. ती कालवायला निदान ७० अंश तापलेलं पाणी लागतं, नंतर बाटली उकळायला पुन्हा इंधन. दोन्ही नसलं की बाळाला जुलाब होतात, आणि फुकट डबा मिळाल्यामुळे आईचं दूधही आटतं. म्हणूनच युद्धात किंवा आपत्तीत सरसकट पावडर वाटू नये, असा दंडक आहे. मात्र आई गेलेली आणि दुसरी कुणी पाजणारी नाही, अशी बाळं तिथे आहेत. त्यांना दूध द्यावंच लागतं, शक्यतो न कालवता थेट पाजता येईल असं तयार, आणि तेही तपासणी करून, नाव नोंदवून. बाकीच्या बाळांसाठी आईच्या ताटात अन्न पडणं हाच दुधाचा पुरवठा.

२०१९च्या पुरात आम्ही क्लोरिनच्या गोळ्या टाकून पाणी प्यायलो. गाझात तेवढ्याने का भागत नाही?
*– एक वाचक, सांगली*

कारण क्लोरिन जंतू मारतं, मीठ काढत नाही. गाझाखाली भूजलाचा एकच साठा आहे, समुद्राला लागून. वर्षानुवर्षं पावसाने भरतं त्याहून कितीतरी जास्त उपसलं गेलं, तेव्हा समुद्राचं पाणी आत शिरलं. वरून सांडपाणी मुरत राहिलं. ९५ टक्क्यांहून जास्त भूजल पिण्यालायक नाही, आणि ही स्थिती २०२३च्या आधीची. सांडपाण्यातून येणारं नायट्रेट तान्ह्या बाळाच्या रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकद कमी करतं, बाळ निळं पडतं. पाणी उकळलं तर नायट्रेट उलट घट्ट होतं. उपाय एकच, निक्षारीकरण, म्हणजे पाण्यातले क्षार काढणं. त्याला वीज लागते, आणि वीज नसेल तर डिझेल.

गोळीचं माप लक्षात ठेवा : ६७ मिलिग्रॅमची एक गोळी २० लिटर स्वच्छ पाण्याला, मग अर्धा तास थांबायचं. पाणी गढूळ असेल तर कापडाने गाळून दोन गोळ्या.

एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. जलसंजीवनीचं पाकीट एक लिटर *गोड्या* पाण्याच्या हिशोबाने बनवलेलं असतं. खारट पाण्यात ते कालवलं की सोडियम जादा होतं आणि जुलाबाने सुकलेल्या बाळाला ते घातक ठरू शकतं. म्हणून टँकरचं पाणी आधी पिण्यासाठी आणि जलसंजीवनीसाठी राखायचं, धुण्याभांड्यांना विहिरीचं. जोडीला झिंक : सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम, त्याहून लहान बाळाला १०, दहा ते चौदा दिवस. आणीबाणीत माणशी रोज १५ लिटर पाणी मिळावं असा निकष आहे. ते भरलेले वीस लिटरचे कॅन रांगेतून ओढत नेतात ती बहुतेक मुलंच.

युद्ध चालू असताना पोलिओचे डोस कसे दिले?
*– निवृत्त आरोग्यसेवक, सोलापूर*

जून २०२४मध्ये खान युनिस आणि देर अल-बलाह इथे घेतलेल्या सांडपाण्याच्या नमुन्यांत विषाणू सापडला. ऑगस्टमध्ये दहा महिन्यांच्या, लस न मिळालेल्या बाळाचा पाय लुळा पडला. गाझात पंचवीस वर्षांनी पोलिओ परत आला होता. विषाणू टाइप २ जातीचा, लसीतल्या विषाणूपासून बदलत गेलेला. तोंडावाटे द्यायच्या नेहमीच्या लसीतून टाइप २ जगभर २०१६मध्ये काढला गेला, त्यामुळे नंतर जन्मलेली मुलं त्याला उघडी होती. म्हणून आपल्यासारखं पाच नव्हे, तर दहा वर्षांखालच्या सगळ्यांना नवी टाइप २ लस दिली, दोन थेंब.

लढाईला ठरावीक तासांची विश्रांती ठरली. आधी मध्य भाग, मग दक्षिण, मग उत्तर. १ ते १२ सप्टेंबरमध्ये सुमारे ५ लाख ६० हजार मुलांना डोस मिळाले. बोटाला शाईची खूण आपल्या पोलिओ रविवारसारखीच. कुपीवरच्या, उष्णतेने गडद होत जाणाऱ्या खुणेतला चौकोन बाहेरच्या वर्तुळाइतका गडद झाला की कुपी फेकायची, हेही तुम्हाला पाठ असेल. दुसरी फेरी ऑक्टोबरात सुरू झाली, पण उत्तरेत हल्ले वाढल्याने तिथे ती रखडली आणि नोव्हेंबरात उरकावी लागली, तीही कमी भागात. त्यामुळे फेब्रुवारी २०२५मध्ये आणखी एक फेरी घ्यावी लागली.

वेस्ट बँकेत गाझासारखं युद्ध नाही, मग तिथली मुलं शाळेत का नाहीत?
*– माध्यमिक शिक्षक, लातूर*

‘युद्ध नाही’ हे अर्धंच खरं. जानेवारी २०२५पासूनच्या इस्रायली लष्कराच्या कारवाईत वेस्ट बँकेतल्या जेनिन, तुलकरम आणि नूर शम्स या निर्वासित छावण्या जवळपास रिकाम्या झाल्या. मे महिन्यात पूर्व जेरुसलेममधल्या, संयुक्त राष्ट्रांची निर्वासितांसाठीची संस्था चालवत असलेल्या सहा शाळा इस्रायलने बंद केल्या.

बाकी ठिकाणी शाळेची इमारत उभी आहे, खिसा रिकामा आहे. १९९४च्या पॅरिस करारानुसार पॅलेस्टिनी भागात येणाऱ्या मालावरचा आयातकर इस्रायल गोळा करतो आणि ३ टक्के शुल्क कापून पॅलेस्टिनी प्रशासनाला देतो. प्रशासनाच्या उत्पन्नाचा सर्वांत मोठा वाटा तो. ते पैसे कापले किंवा रोखले की शिक्षकांना अर्धामुर्धा पगार मिळतो आणि सरकारी शाळा आठवड्यातून तीनच दिवस भरते. त्यात ऑक्टोबर २०२३नंतर इस्रायलमध्ये कामाला जाणाऱ्या मजुरांचे परवाने थांबले. बापाची मजुरी गेली की थोरला मुलगा कामाला लागतो. हे आपल्या ऊसतोडीच्या पट्ट्यात शिकवणाऱ्याला वेगळं समजवायला नको.

आमच्या मंडळाला वर्गणी काढून मदत पाठवायची आहे.
*– मराठी मंडळाचे कार्यकर्ते, दुबई (असंच पत्र पुण्याहूनही आहे)*

दुबईकरांनी डबा फिरवू नये. अमिरातीत परवानाधारक संस्थेशिवाय कुणालाही देणगी गोळा करता येत नाही, व्हॉट्सॲप ग्रुपवरसुद्धा. प्रत्येकाने एमिरेट्स रेड क्रेसेंटसारख्या मान्यताप्राप्त संस्थेला आपापलं थेट द्यावं. पुण्याहून व्यक्तीला बँकेतून पाठवता येतं. पॅन आणि परदेशी पैसे पाठवायचा ए-२ फॉर्म लागतो, वर्षाची मर्यादा अडीच लाख डॉलरची. परदेशी संस्थेला दिलेल्या पैशांवर ८०-जीची आयकर सवलत मिळत नाही.

वस्तूंपेक्षा रोख बरी, पण गाझात रोख म्हणजे काय तेही पाहा. ऑक्टोबर २०२३पासून आत नव्या नोटा आलेल्या नाहीत. जुन्या इतक्या झिजल्या की दुकानदार घेत नाहीत, आणि फाटक्या नोटा चिकटवून देणारे रस्त्यावर बसतात. खात्यात आलेले पैसे हातात घ्यायला २०२५मध्ये दलाल ४० टक्क्यांपर्यंत कापत होते. म्हणून संस्थेला आधी विचारा : मदत मोबाइल वॉलेटवर जाते का, आणि त्या वस्तीतले दुकानदार वॉलेटमधून पैसे घेतात का? घेत नसतील, तर दलालीच्या त्या दराने तुमच्या हजारातले सहाशेच त्या घरात पोचतील.