नवीन थार घेतलीय, टपावर सामान टाकून कोकणात जायचंय, मित्राची गाडी रुतली तर ओढता येईल का? काय काळजी घ्यावी?

तुम्ही लिहिलंय की थार फोर बाय फोर आहे, म्हणजे इंजिनचा जोर चारही चाकांना देता येतो, चौघं जण आहात, टपावर कॅरिअर बसवलाय, आणि सोबतच्या मित्राची सेडान कुठं रुतली तर आपणच काढू असा प्लॅन आहे. काढता येईल हो, पण सगळ्यात जास्त धोका त्या काढण्यातच आहे, म्हणून आधी तेच सांगतो.

आपल्याकडे गाडी रुतली की आधी गर्दी जमते. मग कुणीतरी ट्रॅक्टरची साखळी आणतं, दुसरा गाडीखाली वाकून हात पोचेल तिथं ती अडकवतो, आणि बाकीचे साखळीच्या अगदी बाजूला उभे राहून "घे, घे, अजून घे" करत असतात. साखळी किंवा वायर रोप ताणात असताना तुटला किंवा हूक उपटून आला तर ते लोखंड सरळ काच फोडून आत येतं, मध्ये माणूस असेल तर विचारूच नका. म्हणून दोर कुठं लावायचा हे आधी बघा. गाडीखाली जे छोटे कान दिसतात ते बऱ्याचदा ट्रकवर गाडी बांधून नेण्यासाठी असतात, ओढण्यासाठी नाही. सेडानला बंपरमध्ये एक छोटं झाकण असतं, ते काढून टूलकिटमधला टो हूक आत पूर्ण फिरवून बसवायचा, अर्धवट आटे बसले तर तो वाकतो किंवा निघून येतो. आणि हा हूक सावकाश ओढण्यापुरताच आहे, झटका देण्यासाठी नाही. ट्रेलरचा गोल बॉल असतो ना मागे, त्याला दोर अडकवून झटका तर कधीच देऊ नका, बॉल तुटून उडाल्याने बाहेरच्या देशात माणसं गेलेली आहेत.

साधा पॉलिस्टरचा टो पट्टा फारसा ताणत नाही, त्यामुळे आधी दोर हळूहळू ताठ करा आणि मग फोर लो मध्ये (चारही चाकांना जोर, वेग कमी, ताकद जास्त) पहिल्या गिअरवर ओढा. कायनेटिक रोप ताणतो आणि त्या ताणाच्या जोरावर गाडी ओढतो, पण तो दोन्ही बाजूंना पक्के रिकव्हरी पॉइंट (रुतलेली गाडी ओढण्यासाठीच बसवलेले मजबूत हूक) असतील तरच, सेडानच्या हुकाला नाही. दोराच्या मधोमध एखादं जाड घोंगडं किंवा ओली गोणपाटं टाका, तुटलाच तर जोर कमी होतो. बघ्यांना दोराच्या लांबीच्या दीडपट तरी लांब उभं करा, लोक ऐकत नाहीत, जरा ओरडावं लागतं. आणि हे सगळं करायच्या आधी फावड्याने चाकांपुढची माती काढा राव, निम्म्या गाड्या तेवढ्यानेच निघतात.

रस्त्यावरून बंद गाडी ओढत न्यायची असेल तर दोन गाड्यांत ५ मीटरपेक्षा जास्त अंतर नको, मागच्या गाडीला ऑन टो लिहिलेला बोर्ड लावा, आणि वेग २० च्या आसपास. मागच्या गाडीची किल्ली ऑन ठेवा नाहीतर स्टेअरिंग लॉक होतं. इंजिन बंद म्हणजे ब्रेक दगडासारखा आणि स्टेअरिंगही जड, मागच्या गाडीच्या स्टेअरिंगवर बसणाऱ्याला हे आधी सांगून ठेवा. ऑटोमॅटिक गाडी असेल तर सरळ फ्लॅटबेड, म्हणजे गाडी वर चढवून नेणारा ट्रक, बोलवा.

आता टपाचं. मॅन्युअलमध्ये एकूण वजनाची मर्यादा दिलेली असते, त्यातून रिकाम्या गाडीचं वजन वजा करा म्हणजे तुमच्या हातात किती उरतं ते कळेल, त्यात माणसंही येतात. चार मोठी माणसं म्हणजे २८०-३०० किलो तिथंच गेले. टपाची मर्यादा वेगळी दिलेली असते आणि ती लोकांना वाटते त्याहून बरीच कमी असते, त्यात कॅरिअरचं स्वतःचं वजनही धरायचं. थार आधीच उंच, टपावर जड सामान ठेवलं की तिरक्या उतारावर ती कलंडायला किती सोपी जाते हे डोळ्याने बघितल्याशिवाय पटत नाही. पाण्याचे कॅन, सिलिंडर, टूल्स हे सगळं खाली, मागच्या सीटला चिकटून, पट्ट्याने बांधून. टपावर तंबू आणि झोपायच्या पिशव्या, बस. मागे लोड वाढला की टायरची हवाही मॅन्युअलमधल्या फुल लोडच्या आकड्याला करा.

चालवण्याबद्दल एकच गोष्ट लोकांच्या डोक्यात बसत नाही: फोर बाय फोर गाडी पुढे ढकलायला मदत करते, थांबवायला नाही. ब्रेक सगळ्या गाड्यांना चारच चाकांना असतात. ओल्या घाटात साध्या टू व्हील ड्राइव्ह कारइतकंच लांबून ब्रेक मारायचं. आणि थारला मधला डिफरन्शियल (पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग) नाही, त्यामुळे कोरड्या डांबरावर फोर हाय मध्ये (चारही चाकांना जोर, वेग नेहमीचा) वळण घेतलं की स्टेअरिंग आखडतं, गाडी अडकल्यासारखे झटके देते. तसं झालं तर थोडं सरळ रिव्हर्स घ्या, फोर बाय फोरची लिव्हर मोकळी होते.

उतारावर फोर लो, पहिला गिअर, क्लचवरून पाय बाजूला, इंजिनच गाडी धरून ठेवतं. चढावर मध्येच दम गेला तर गाडी वळवायची नाही, रिव्हर्स टाकून आलात त्याच रेषेत सरळ खाली. कोकणातल्या लाल चिखलात गाडी बऱ्यापैकी जाते, पण विदर्भ-मराठवाड्यातली काळी माती पावसात भेटली तर सगळी हुशारी संपते, टायरच्या नक्षीत ती अशी भरते की टायर गुळगुळीत होतो, मग चारही चाकं फिरोत नाहीतर आठ. तिथं थांबून वाट बघणं हाच उपाय.

थारची पाण्यातली मर्यादा कंपनीने ६५० मिलिमीटर दिलीय, पण ती स्थिर पाण्याची समजा. वाहतं पाणी गुडघ्याला लागत असेल तर जाऊ नका, आणि आधी काठी घेऊन चालत बघा. पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नका, इंजिनच्या सिलिंडरमध्ये पाणी गेलेलं असेल तर आतला कनेक्टिंग रॉड वाकतो.

आणि बीचचं डोक्यातून काढा. गोव्यात तर कायद्यानेच बंदी आहे. जून २०२४ मध्ये कच्छच्या मुंद्र्याजवळ दोन थार समुद्रात अडकल्या होत्या, रील करायला गेलेले, नंतर पोलीस केस झाली. ओहोटीला कडक दिसणारी वाळू चाक थांबलं की खालून सुटते, आणि भरती यायला तुमचं जॅक-फावडं शोधून होईपर्यंतचाच वेळ असतो. कुठं परवानगीच्या जागी रेतीत जायचंच असेल तर हवा १५ ते १८ पीएसआय करा, अचानक वळण घेऊ नका नाहीतर टायर रिमवरून निघतो, आणि सोबत कंप्रेसर घ्या, डांबरी रस्त्याला लागायच्या आधी हवा परत भरायची असते.